बाभळी आणि बंदुका

नदीकाठच्या बाभळी तोडून तिथे बाग करायची, असं संस्थानच्या दिवाणांनी ठरवलं. सारं गाव त्याच बाभळींच्या काड्यांनी दात घासायचं, म्हणून भिवरा वैद्यीण दरबारात उभी राहिली. बाहेर कुऱ्हाडवाले हुकमाची वाट पाहत होते.

"महाराज, बाभळी गेल्या तर गावाचे दात जातील."

दिवाण हसले. "ज्याचे दात त्यानं सांभाळावेत, बाई. राज्य बंदुकांवर चालतं."

 भिवरा म्हणाली, "मग पलटणीला एक बार काढायला सांगा, महाराज."

पलटण चौकात उभी राहिली. छावणीजवळच्या बाभळी दिवाणांनी कधीच तोडल्या होत्या; तेव्हापासून शिपाई मशेरीवर भागवत. हुकूम सुटला. काडतुसाचं कागदी टोक दातांनी फाडायचं आणि दारू नळीत ओतायची, एवढंच काम. पण टोक चावताच शिपाई गाल धरून विव्हळू लागले. बार एकच निघाला, तोही गावातून नुकत्याच भरती झालेल्या शिपायाचा.

भिवरा दिवाणांकडे वळली. "सरकार, शत्रू आला तर त्याला जरा थांबायला सांगा. आपल्या पलटणीचे दात ठणकताहेत."

महाराज हसले नाहीत. त्यांनी कुऱ्हाडवाल्यांना घरी पाठवलं आणि दिवाणांना बाग करायला लावली, छावणीभोवती, बाभळींची.