पाव्हणीचं अंगण

डोंगरांच्या पार पोटात, जिथं गाडीवाट संपते आणि पुढं पायवाटही दमून थांबते, तिथं एक गाव होतं. पाठीशी डोंगर, पुढ्यात नदी, आणि दोघांच्या मधे जेमतेम मूठभर सपाट जमीन. उतारावर नाचणी नि वरी व्हायची. भात व्हायचा तो फक्त खाली, सपाटीवर. त्यामुळं सपाटीवरच्या वीतभर जमिनीसाठीही लोक हमरीतुमरीवर यायचे. सख्खे भाऊ, पण एकमेकांच्या दारचं पाणी प्यायचे नाहीत.

या गावाची एक रीत होती. नदीला दरसाल पूर यायचा, पण 'पूर' हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. नाव घेतलं की तिला ती हाक वाटते आणि ती धावत येते, असा सगळ्यांचा समज. म्हणून गावात म्हणायचे, "पाव्हणी आली." एखाद्या पोरानं चुकून तो शब्द उच्चारलाच, तर आई त्याच्या ओठांवर चापट द्यायची. पाणी चढायला लागलं की बायका खणानारळाची ओटी घेऊन काठावर जायच्या आणि म्हणायच्या, "आलीस बाई? बस घटकाभर, आणि आलीस तशी सुखानं परत जा."

आता पाव्हणी येणार म्हटल्यावर तिला बसायला जागा नको? तीही जुन्या माणसांनी राखून ठेवली होती. नदीकाठानं एक रुंद पट्टा मोकळा सोडलेला होता. तिथं नांगर घालायचा नाही, घर बांधायचं नाही, गुरांचा गोठासुद्धा नाही. नुसतं गवत आणि करंजाची झाडं. त्या पट्ट्याला म्हणायचे पाव्हणीचं अंगण. माती मात्र अशी काळीभोर, की बघणाऱ्याचा हात शिवशिवावा.

मग काही वर्षं अशी आली की पाऊस बेताबेतानंच पडला. पाव्हणी काठावरून डोकावायची आणि मागं फिरायची. माणसाची जात मोठी विसराळू हो! कुणीतरी आपला बांध हळूच अंगणाकडं सरकवला. ते बघून शेजाऱ्यानं सरकवला. मग तिसऱ्यानं. कुणाची हद्द कुठं, ते कुणालाच सांगता येईना, आणि एका सकाळी बांधावर कुऱ्हाडी निघाल्या. कुणाचा जीव गेला नाही एवढंच.

तेव्हा गावच्या पाटलांनी सगळ्यांना देवळापुढं बसवलं आणि म्हणाले, "पुरे झालं. घाटाखालून मोजणीदार बोलवू. तो परका आहे, त्याला ना कुणी भाऊ ना कुणी वैरी. त्याची साखळी सांगेल ती हद्द." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाटील माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना राक्षस ठरवून मोकळे व्हाल. दुष्काळात त्यांनी आपल्या कणगीतलं धान्य गावात वाटलेलं होतं. पण त्यांच्याही जिवाला एक घोर होता. त्यांची सगळी जमीन उतारावर, सपाटीवर नावालाही नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा परवाच म्हणाला होता, "आबा, दगडातली नाचणी खरवडत किती दिवस काढायचे? भाताची जमीन असती तर राहिलो असतो. दिवाळी झाली की आम्ही दोघं सासुरवाडीला जातो. ते लोक जमीन द्यायला तयार आहेत." सूनबाईला दिवस गेलेले. मुलगा जाणार, सून जाणार, पोटातलं नातवंडही जाणार, आणि म्हातारपणी आपण रिकाम्या घरात भिंतींशी बोलत बसणार, हा विचार पाटलांची पाठ सोडत नव्हता.

मोजणीदार आला. खांद्यावर साखळी, कमरेला चुन्याची पिशवी, बोलायला फटकळ. तो होता कोरड्या मुलखातला. तिकडच्या नद्यांत पाणी शोधावं लागतं, तिथं पाव्हणीबिव्हणी कुठली माहीत असायला! गावानं त्याच्या हातावर विडा ठेवला. तो घेण्याआधी तो म्हणाला, "माझी एक अट आहे. मला जमीन दिसते, जमिनीची कुळकथा दिसत नाही. ती तुम्ही सांगायची. मी विचारीन त्याला कुणी खोटं उत्तर द्यायचं नाही. तुमचं उत्तर खोटं, तर माझी साखळी खोटी."

पाटलांनी देवापुढच्या भंडाऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खोटं उत्तर देणार नाही." मागून सगळ्या गावानं तेच म्हटलं.

मोजणी सुरू झाली, आणि काय सांगू, माणूस कामाचा होता! जुने बांध उकरून त्यानं गाडलेले दगड वर काढले, म्हाताऱ्यांना विचारून खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेघा ओढल्या. भांडणारे भाऊ एकमेकांकडं बघून ओशाळले आणि बऱ्याच वर्षांनी एका तांब्यातलं पाणी प्यायले. असं करत करत साखळी पोचली नदीकाठच्या त्या पट्ट्यावर.

"ही जमीन कुणाची?" मोजणीदारानं विचारलं.

"पाव्हणीची," पाटील म्हणाले. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

मोजणीदार खुंटी हातात धरून थांबला. "पाहुणी? म्हणजे गावची लेक का कुणी? लग्न होऊन बाहेर गेलेली?"

सगळा गाव तिथं उभा होता. मोजणीदाराची गफलत झालीय, हे लहान पोरालाही कळलं असतं. पाटलांच्या ओठांवर शब्द आला होता. रीत मोडायला नको, तर नदीकडं नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण साखळीचं दुसरं टोक धरून त्यांचा मुलगा समोर उभा होता, आणि तो त्या काळ्या मातीकडं बघत होता.

"ती इथं राहत नाही," पाटील म्हणाले.

"येते का कधी?"

"अलीकडं फारशी येत नाही."

"तिनं इथं कधी पेरलं? कधी सारा भरला?"

"नाही."

बघा, यातलं एक अक्षर तरी खोटं आहे का? मोजणीदारानं मान हलवली. "मग तिच्यासाठी एवढी सोन्यासारखी जमीन पडीक कशाला ठेवायची? गावातल्या सगळ्या घरांत सारखी वाटून टाका. कुणाची हरकत?"

एवढा मोठा जमाव, पण सगळ्यांनी मूग गिळले. ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढं आपापल्या वाट्याचं भाताचं शेत हलायला लागलं होतं.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. तो होता ठकूआजीचा. या गोष्टीत नाव आहे ते हिचंच, आणि ते लक्षात ठेवा. ठकूआजी बांबूच्या टोपल्या विणायची आणि पाटलांच्या गोठ्याच्या पडवीत राहायची. नवरा नाही, मूलबाळ नाही, स्वतःची म्हणावी अशी ओंजळभर मातीसुद्धा नाही. तिनं भीतभीत विचारलं, "पण पाटील, पाव्हणी आली तर बसायची कुठं?"

मोजणीदार खो खो हसला. "आजी, पाहुणी आली तर घरात बसवा की! पाट द्या, चहापाणी करा. तिला एवढं अंगण कशाला हवं?"

सगळा गाव हसला. हसल्यावर सगळ्यांनाच बरं वाटलं. पाटलांनी मुलाकडं बघितलं, आणि तेही हसले.

पट्टा वाटला गेला. करंजाची झाडं तुटली. पाटलांच्या मुलानं आपल्या वाट्यात भात लावला आणि कडेला नवं घर बांधलं. सासुरवाडीचं नावही पुन्हा निघालं नाही. वाटणी सारखी होती, त्यामुळं ठकूआजीलाही एक तुकडा मिळाला. ती पाटलांकडं आली आणि हात जोडून म्हणाली, "जमीन दिलीत, देव तुमचं भलं करो. पण खाली झोपडी घालायला जीव धजत नाही हो. घालू का?"

पाटील तिच्या नजरेला नजर देईनात. "मोजणीदारानं मोजून दिलंय आजी. माझा पोरगा राहतोच आहे ना तिथं?"

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," आजी म्हणाली.

तिनं झोपडी घातली. दारात दुधीचा वेल लावला आणि पहिला दुधी पाटलांच्या घरी आणून दिला. "माझ्या जमिनीतला आहे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत आली होती.

नातू झाला. पाटलांना वाटलं, सगळं मनासारखं झालं. आणि त्या श्रावणात डोंगरावर पाऊस असा कोसळायला लागला की समोरचं झाड दिसेना.

सकाळची वेळ. बायका ओटी भरून काठाकडं निघाल्या, तर काठच कुठं दिसेना. जिथं उभं राहून ओटी वाहायची, तिथं भाताची शेतं बुडून गेली होती. पाटील धावत खाली आले. मुलगा छातीभर पाण्यातून बायकोला ओढून आणत होता. त्यानं बाळ डोक्यावर धरलं होतं. पाटलांनी पुढं होऊन बाळ घेतलं, सुनेला हात दिला आणि सगळे चढावर आले. मागं नव्या घराची भिंत बसली, मग छप्पर बसलं.

तेव्हा त्यांना ठकूआजी दिसली. झोपडीच्या उंच जोत्यावर ती उभी होती आणि चहूबाजूंनी पाणी होतं. दोर आणा, दोर आणा, असा ओरडा झाला. आजी ओरडत नव्हती. ती पाटलांकडं बघत होती. तिनं मोठ्यानं विचारलं, "पाटील, कुठवर येईल हो?"

दोर येईपर्यंत जोतं राहिलं नाही. पाटील नातवाला उराशी धरून तिथंच उभे होते.

पाणी उतरलं. गावानं ठकूआजीला नदीच्या खालच्या वळणावरून आणलं आणि अग्नी दिला. मग गावाला राग आला. राग आला की माणसाला कुणीतरी लागतंच. "त्या मोजणीदारानं घात केला! त्यानंच चुकीचं मोजलं! दिसू दे तो, तंगडं मोडतो." बोलणाऱ्यांत जास्त मोठा आवाज त्यांचाच होता, ज्यांनी सर्वांत आधी करंज तोडले होते.

बातमी ऐकून मोजणीदार स्वतःच घाट चढून आला. लोकांनी त्याला देवळापुढं घेरलं. कुणी काठ्या उगारल्या. तो पांढराफटक पडला होता, पण पळाला नाही. म्हणाला, "मी विचारलं होतं. ही जमीन कुणाची, म्हणून विचारलं होतं. मला सांगा, ती पाहुणी कोण?"

पाटलांना गप्प बसता आलं असतं. त्यांचा मुलगा वाचला होता, नातू वाचला होता, आणि गावानं दोष द्यायला माणूसही शोधून ठेवला होता. एकदा जसं जमलं, तसं पुन्हाही जमलं असतं.

पण ते गर्दी बाजूला सारत पुढं आले, मोजणीदाराच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "पाव्हणी म्हणजे पूर."

त्या गावात तो शब्द एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच कुणी उच्चारला होता. त्यांच्या ओठांवर चापट मारायला कुणाचा हात उठला नाही.

"तुम्हाला कळलं नाही, हे मला कळलं होतं," पाटील मोजणीदाराला म्हणाले. "मी एक शब्दही खोटा बोललो नाही, असं मी वर्षभर मनाला सांगत आलो. तुमची चूक मला सोयीची होती, म्हणून मी ती राहू दिली. ठकूआजीनं सगळ्यांदेखत खरं तेच विचारलं, आणि मी हसलो. मारायचं असेल तर मला मारा."

हळूहळू काठ्या खाली आल्या. कारण हसले तर सगळेच होते.

दुसऱ्या दिवशी मोजणीदारानं पुन्हा साखळी काढली. या वेळी त्यानं नदीपासून मोजलं नाही. झाडांवर, भिंतींवर गाळाची रेघ राहिली होती, तिथून त्यानं मोजायला सुरुवात केली. पाटलांनी मुलाच्या पडलेल्या घराचं जोतं स्वतःच्या हातानं उकरलं आणि त्याचेच दगड हद्दीला लावले. पट्टा पुन्हा मोकळा झाला. दिवाळी झाल्यावर मुलगा बायकोला आणि बाळाला घेऊन सासुरवाडीला गेला. पाटलांनी त्याला थांब म्हटलं नाही. वाट दिसेनाशी होईपर्यंत ते बघत उभे राहिले, आणि मग त्या रिकाम्या घरात परत आले.

त्या गावात आता नवी रीत आहे. जमीन मोजायची असो, घर बांधायचं असो, नाहीतर पोरांना झोपडी करून खेळायचं असो, आधी कुणीतरी एकानं ठकूआजीचा प्रश्न विचारायचा, "पाव्हणी आली तर बसायची कुठं?" आणि परका माणूस जवळ असला, तर पाव्हणी म्हणजे कोण, हे त्याला तिथल्या तिथं सांगायचं. पाटील जिवंत होते तोवर हा प्रश्न तेच विचारायचे. त्यावर गावात कुणी हसत नाही.

तात्पर्य, लहानांसाठी आणि त्याहून मोठ्यांसाठी: समोरच्याची चूक आपल्या फायद्याची आहे म्हणून आपण गप्प राहिलो, तर तेही खोटं बोलणंच झालं, आणि त्याचं मोल बहुतेक वेळा तो चुकवतो, ज्यानं आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो.