ग्रीसची दया

गाडीच्या सुट्या भागांना वाचा होती, त्या काळची ही गोष्ट.

गेनू दूधवाल्याच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकातलं बेअरिंग झिजलं होतं. चाक घरघरतं म्हणून त्याने गाडी शब्बीरमामांच्या गॅरेजला आणली.

"मामा, आटपा. दूध नासेल."

"तुझं दूध रोजच नासतं रे," म्हणत मामांनी चाक उचललं.

बेअरिंग घाबरून ग्रीसला म्हणालं, "ताई, मला लपव. आवाज ऐकला तर मला ठोकून काढतील, भंगारात टाकतील."

ग्रीसला दया आली. ती त्याच्या छर्‍यांना घट्ट बिलगली.

चाकामधून गेलेला दांडा, ॲक्सल, म्हणाला, "अगं, ओरडू दे त्याला. वर माणूस बसतो."

"तू लोखंडाचा. तुला काय कळणार?"

मामांनी घाईत चाक नुसतं फिरवलं, कान लावला. आवाज नव्हता. "जा," ते म्हणाले.

घाटाच्या उतारावर चाक तापलं आणि ग्रीस वितळून गळून गेली. बेअरिंग फुटलं, चाक जागीच अडकलं. गेनू कठड्यावर आपटला, तो उठलाच नाही. त्याच्याभोवती दूध पसरत गेलं.

चेपलेली गाडी भंगारात गेली. तिथे वाकलेल्या ॲक्सलशेजारी पडलेलं बेअरिंग म्हणालं, "त्या दिवशी ओरडलो असतो, तर इथे एकटाच आलो असतो."