मठाचं पाकीट

“...मग माझी चूक कुठं झाली, बुवा?”

दिगंबर नाफडे यांनी हे विचारलं ते चूक शोधायला नव्हे. चूक नव्हतीच, एवढं त्यांना ऐकायचं होतं.

पैनगंगेकाठच्या बुवांच्या त्या लहानशा मठात ते कित्येक वर्षं दर गुरुवारी येत. सूतगिरणीत भांडारपाल. पगार झाला की त्याच संध्याकाळी घरी पाकिटं भरायची. किराणा, वीज, औषध, रेवतीचं शिक्षण, मठ. एका पाकिटातला रुपया दुसऱ्यात जायचा नाही. कामाचंही तसंच. गिरणीच्या वेळेत घरचा फोन घ्यायचा नाही आणि घरी गिरणीचं नाव काढायचं नाही. गिरणीतली नवी लग्न झालेली मुलं त्यांच्याकडून ही विद्या शिकून जात आणि महिनाभरात सोडून देत. नाफड्यांना त्यांची कीव यायची.

पौषात त्यांची बायको गेली. कुमुद.

तेव्हापासून रेवती बापाशी बोलत नव्हती. आज कशीबशी सोबत आली होती, पण आत न येता ओट्यावर नदीकडे तोंड करून बसली होती.

“तिला तुम्ही सांगा, बुवा. तुमचं ऐकेल ती. एवढी एक पोर राहिलीय मला.”

“काय सांगू?”

“की बाप बेजबाबदार नव्हता.”

नाफडे पुढे सरकून बसले.

“डॉक्टरांनी हृदयाची तपासणी लिहून दिली होती. महिनाअखेर होती, औषधाचं पाकीट रिकामं. मी कुमुदला म्हटलं, पगार झाला की पहिलं काम हेच. ती बरं म्हणाली. तिनं कधी हट्ट केला नाही... पगाराच्या आदल्या दिवशी गेली.”

“दुसरी पाकिटं?”

“होती ना. पण एकदा हात घातला की सवय लागते, बुवा. घरं अशीच बुडतात.”

“बुडतात खरी.”

नाफड्यांना धीर आला. बिचाऱ्याला वाटलं, सुटलो.

“त्या आठवड्यात गुरुवार आला असेल,” बुवा म्हणाले.

“हो. आलो होतो की मी! महिन्याचा शेवटचा गुरुवार होता, मठाचं पाकीट तुमच्या हातात दिलं. घरी कुमुदला धाप लागली होती, तरी चुकवलं नाही.”

“तेवढ्यात तपासणी झाली असती?”

“झाली असती. पण ते देवाचं होतं, बुवा.”

बाहेर नदी आटत आलेली होती.

मग बुवा गुडघे धरून सावकाश उठले आणि दाराकडे निघाले. आता सांगणार, या आशेनं नाफडे लगबगीनं मागून गेले.

ओट्यावर येऊन बुवांनी डोक्याचं फडकं सोडलं. वाकून रेवतीच्या पायांवर डोकं ठेवलं. पोर दचकून उभी राहिली.

“बुवा, हे काय...” नाफडे पुढे झाले.

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“पोरी,” ते म्हणाले, “त्या गुरुवारी इथं पंगत बसली होती. तुझ्या आईच्या तपासणीचे पैसे आम्ही जेवलो.”