एकशे अठरावी चूक

“मग किती निघाल्या?” आबांनी विचारलं.

“दोनशे बारा,” ऋषभ म्हणाला. शाळेत मार्क सांगतात, तसं त्यानं ते सांगितलं.

“एका भागात?”

“एका भागात, आबा. फक्त शेवटच्या भागात. बाकीचे बारा भाग हाती लागले असते, तर हजारावर गेलो असतो.”

आबांनी मान हलवली आणि खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली.

शिवराम मेस्त्री म्हणजे आमचे आबा. कोल्हापुरात सिनेमाचे सेट उभे करण्यात त्यांची हयात गेली. राजवाडे केले, तुरुंग केले, देवळं केली. मग सदतीस वर्षांपूर्वी ‘यान सतरा’ नावाची अंतराळातली मालिका आली. तेव्हा पत्रा, पुठ्ठा, मडकी आणि काळं कापड घेऊन आबांनी एका शेडमध्ये आख्खं आकाश उभं केलं होतं.

ऋषभ चौगुले हा त्यांचा शेवटचा शिष्य. कॉलेजात असताना दोन वर्षं तो आबांच्या घरी पुठ्ठा कापायला शिकला. मग मुंबईला गेला आणि कॉम्प्युटरवर आकाशं करू लागला. त्याचा एक व्हिडिओचा कार्यक्रमही आहे. जुन्या मालिका आजच्या नजरेनं बघायच्या, चुका काढायच्या आणि हसायचं. लाखो लोक बघतात. मीही बघतो, खोटं कशाला बोलू.

माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता टीव्ही दुरुस्त कुणी करत नाही, नवाच आणतात. त्यामुळं दुकानात गिऱ्हाइकापेक्षा आबाच जास्त बसतात.

आबांच्या डोळ्यांना काचबिंदू झालाय. नळीतून बघावं, तेवढंच दिसतं. डॉक्टरांनी सांगितलंय, जे बघायचं असेल ते दिवाळीच्या आत बघून घ्या.

म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी ट्रंकेच्या तळातून एक व्हिडिओ कॅसेट काढली आणि ऋषभला दिली. मालिकेचा एवढाच भाग उरलेला. कॅसेटला बुरशी लागली होती. मी हात लावायला घाबरलो.

आबा त्याला इतकंच म्हणाले होते, “एवढी चालू करून दे. मला एकदा बघायचंय.”

आणि आज, ऐन दुपारी, लॅपटॉप काखेत मारून स्वारी दुकानात हजर झाली होती.

“आबा, तुम्हाला ओळखूच यायचं नाही,” वायर जोडता जोडता ऋषभ म्हणाला. “यानाच्या दोऱ्या काढल्या. माइकची सावली काढली. तुमचा कॅप्टन, बाविसाव्या शतकातला, मनगटाला चावीचं घड्याळ बांधून! ते काढलं. हेल्मेटवर तुपाच्या डब्याचं नाव वाचता येत होतं, आबा. पुसलं.”

“दोऱ्या दिसायच्या?”

“सगळ्या! त्या वेळी लोकांना दिसल्या नाहीत?”

“दिसल्या असतील.”

“मग कुणी काही बोललं नाही?”

“यान पोचतंय का, ते बघत होते.”

ऋषभ हसला. त्यानं भाग सुरू केला.

खरं सांगतो, देखणं दिसत होतं. इतकं स्वच्छ आकाश मी आयुष्यात पाहिलेलं नाही. यान सुईसारखं सरळ जात होतं. चांदण्या जागच्या जागी होत्या. पण मला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं होत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

आबा काचेपासून वीतभर अंतरावर बसले होते. ऋषभला वाटत होतं, ते यान बघतायत. मी बाजूला होतो, म्हणून मला दिसलं. ते यान बघतच नव्हते. पहिल्यापासून ते पडद्याच्या खालच्या, उजव्या कोपऱ्यावर नजर धरून बसले होते.

शेवटी तो तांबडा ग्रह आला. संथ फिरला. यान त्याच्यामागून गेलं आणि दिसेनासं झालं.

संपलं.

“कसं वाटलं?” ऋषभनं विचारलं. आठ महिने तो या एका शब्दासाठी राबला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“आला न्हाई,” आबा म्हणाले.

“काय?”

“हात.”

ऋषभनं टाळी वाजवली. “तो हात! आबा, तो कसा येईल? काढला की! ग्रहापाशी खालून एक आख्खा हात येतो. परग्रहावर! सगळ्या भागातली तीच सगळ्यात मोठी चूक. त्रेसष्ट फ्रेममध्ये होता. एकेक फ्रेम हातानं साफ केली. तीन दिवस लागले.”

“तीन दिवस त्याच्याकडं बघत होतास?”

“सलग.”

“कसा होता?”

“काय कसा होता?”

“हात.”

ऋषभ सांगायला गेला आणि थांबला.

“हात... हातासारखाच. मी कडा बघत होतो, आबा. कड नीट पकडली की आतलं आपोआप जातं.”

“बांगड्या होत्या?”

ऋषभनं डोकं खाजवलं.

“बोटाला काय होतं? खळ? रंग?”

“आठवत नाही.”

“मूळची कॅसेट कुठाय?” मी विचारलं.

“ती एकदाच चालली, काका. मग तुटली. बुरशी होती ना.”

“आणि तू जे उतरवून घेतलंस ते?”

“ते...” त्यानं आबांकडं पाहिलं. “साफ झाल्यावर पुसलं. डिस्क भरली होती. आणि चुका असलेलं ठेवून बघणार कोण?”

त्याच्या कानाखाली वाजवावी, असं मला वाटलं. वाजवली नाही, कारण मला तोंड नव्हतं. का, ते सांगतो.

तो हात हौसाकाकींचा होता. आबांच्या बायकोचा.

त्या तांबड्या ग्रहाच्या आत एक मडकं होतं. वर कागदाचा लगदा काकींनीच चढवला होता आणि गेरूही त्यांनीच फासला होता. ग्रह एका लोखंडी दांड्यावर बसवला होता आणि खालून मोटर तो फिरवायची. ऐन शूटिंगला मोटर जळाली. दुसरी आणायला वेळ नव्हता. मग काकी टेबलाखाली शिरल्या आणि दांडा हातानं फिरवत बसल्या. आबा वर शिडीवर, यानाची दोरी धरून. त्यांना खालचं काही दिसत नव्हतं.

भाग लागला तो रविवारी सकाळी. सगळी गल्ली आबांच्या घरात. ग्रह आला आणि खालून तो हात वर आला. पडद्यावर, एवढा मोठा. गल्ली हसून हसून लोळली. हसणाऱ्यांत मी होतो. मिसरूड नुकतं फुटलं होतं आणि सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

आबा उठले. सगळ्यांदेखत बायकोला म्हणाले, “हात आवरता येत न्हाई तुला? धक्का मारून ग्रह हलवलास. नाक कापलंस माझं.”

काकी इतकंच म्हणाल्या, “अहो, पडला असता की तो.”

“मला शिकवू नगंस,” आबा म्हणाले.

काकी आत गेल्या. थोड्या वेळानं सगळ्यांना चहा आला, पण तो घेऊन त्या आल्या नाहीत. त्यानंतर आबांच्या कुठल्याच सेटवर त्या गेल्या नाहीत. लगदा मात्र घरी करून द्यायच्या. सहा वर्षांपूर्वी गेल्या.

हे सगळं आबांनी ऋषभला सांगितलं नाही. ते एवढंच म्हणाले, “तुझ्या काकीचा होता.”

ऋषभचा चेहरा उतरला.

“काकींचा?”

“दोन वर्षं त्या हातची भाकरी खाल्लीस.”

“आबा... मला...”

“तुला कुठनं ठावं असणार. मीच सांगितलं न्हाई.” आबा आपला गुडघा चोळत होते. “सदतीस वर्षं ती जागा आली की मी तोंड फिरवायचो. लाज वाटायची. आता म्हटलं, एकदा बघून घ्यावं.”

“घरी त्यांचे फोटो आहेत ना, आबा,” ऋषभ हळूच म्हणाला.

“फोटोत ती नुसती बसलीय.”

ऋषभनं लॅपटॉप मिटायला घेतला.

“यादी हाय का?” आबांनी विचारलं.

“कसली?”

“चुकांची.”

“आहे. वेळेसकट आहे. आधी चित्रातल्या, मग आवाजातल्या. पण आता ते...”

“वाच. ग्रहापास्नं.”

ऋषभनं यादी उघडली. मघाचा आवाज आता त्याच्याकडं नव्हता.

“एकशे सोळा. डावीकडं कापडामागचा बल्ब लुकलुकतो. एकवीस मिनिटं, शून्य सेकंद.”

“पुढं.”

“एकशे सतरा. ग्रह उजवीकडं कलतो. दांडा ढिला असावा. एकवीस मिनिटं, चार सेकंद.”

“पुढं.”

“एकशे अठरा.” तो अडखळला. “हात. एकवीस मिनिटं, सहा सेकंद.”

आबांचा गुडघ्यावरचा हात थांबला.

“उलटं वाचलंस.”

“नाही, आबा.”

“आधी हात. हात लागला म्हणून ग्रह कलला.”

“नाही. आधी कलतो. दोन सेकंदांनी हात येतो.”

“नीट बघ.”

“नीटच आहे. ही वेळ मी टाकलेली नाही, मशीननं टाकलीय. ती चुकत नाही.”

“आणि त्याच्या पुढं काय लिवलंयस?”

ऋषभनं मनात वाचलं.

“वाच की.”

“एकशे एकोणीस. एकवीस मिनिटं, आठ सेकंद. ग्रह एकदम सरळ होतो. कारण दिसत नाही.”

सदतीस वर्षांपूर्वीचं माझंच हसणं मला दुकानात ऐकू आलं.

आबा टीव्हीकडंच तोंड करून होते. रडत नव्हते. रडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

“पाचर मी ठोकली होती,” ते म्हणाले. “दांड्याची. शिडीवर चढायची घाई होती.”

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. रोज तो माझ्या दुकानासमोर जरा थांबतो. आज थांबला नाही.

ऋषभ खुर्चीतून उठून आबांच्या पायाशी, जमिनीवर बसला. कॉलेजात असताना तो असाच बसायचा.

“आबा, मी तो हात परत करतो. काकींचा एखादा फोटो द्या. कॉम्प्युटरवर हुबेहूब होईल. कुणालाही कळणार नाही.”

“कुणालाही?”

“कुणालाही.”

आबा त्याच्याकडं वळले. त्यांना ऋषभचा केवढा तुकडा दिसत होता, कोण जाणे. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

“लाव परत,” ते म्हणाले. “तेवढंच.”

ऋषभनं लावलं. तांबडा ग्रह आला. कुठंही न कलता, न अडखळता, स्वतःशीच फिरू लागला.

आबांनी चाचपडत टीव्हीची काच शोधली. मग त्यांचा सुतारकामानं राठ झालेला हात खालच्या उजव्या कोपऱ्यातून वर गेला आणि ग्रहाला टेकला. दोन सेकंद त्यांनी तो तसाच धरला. ग्रह त्यांच्या पंजाखाली फिरत राहिला. त्याला कुणाच्या आधाराची गरज नव्हती.

यान गेलं. पडदा काळा झाला. आबांचा हात काचेवरच होता.

मला बघवेना. मी उगाच एक स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि परत ठेवला.

“आबा,” ऋषभ म्हणाला. त्याला काहीतरी द्यायचं होतं आणि जवळ यादीशिवाय काही नव्हतं. “म्हणजे काकींची चूक नव्हतीच. त्यांनी तर वाचवला. मी एकशे अठरा काढून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर. कार्यक्रमातही तसंच सांगतो. दोनशे अकरा चुका.”

आबांनी काचेवरून हात काढला. तळव्याला धूळ लागली होती. ती त्यांनी झटकली नाही.

“दोनशे बाराच ठेव. एकशे अठरावी माझी लिव.”