पहिला घास

“…मग खोरं सोडू कसं, तेवढं सांगा बाबा!”

सरदार हैबतराव बसायलाच तयार नव्हते. पहारा डोंगराखाली ठेवून ते वर आले होते आणि लतीफ फकिरांच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते. चढणीचा दम अजून गेला नव्हता. राग तर कायम नाकावरच असायचा.

फकीर चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी थापत होते.

“धरलंस कसं?”

“हुकूम झाला, फौज आणली, ठाणं बसवलं. एका हिवाळ्यात आटोपेल म्हणत होते सगळे.”

“आटोपलं?”

“एक बंडवाला मारला की त्याचे भाऊ रानात जातात. भाऊ मारले की मेहुणे जातात. ठाण्यातली माझी पोरं झोपेत ओरडतात, बाबा. मला घरी जायचंय.”

शेवटचं वाक्य ते इतकं हळू बोलले, की आपल्याच शिपायांची त्यांना भीती वाटत असावी.

“मग जा.”

“जा म्हणे!” हैबतराव उसळले. अंगणाच्या कडेला उकिडव्या बसलेल्या माणसाकडे त्यांनी बोट केलं. “हे सुभानजी पाटील. खोऱ्यातून पहिले आमच्या बाजूला आले. मी सकाळी निघालो, तर संध्याकाळपर्यंत यांना झाडाला टांगतील. यांच्यासाठी थांबलोय मी. शपथेवर सांगतो, यांच्यासाठी!”

सुभानजींनी मान खाली घातली. खोटं नव्हतं ते. सख्खा भाऊसुद्धा आता त्यांच्या घरचं पाणी पीत नव्हता.

फकिरांनी तव्यावरची भाकरी काढली, वर लसणाची चटणी ठेवली आणि हैबतरावांच्या हातात दिली.

“आधी खा. उपाशी दिसतोस.”

हैबतराव अखेर टेकले. तुकडा मोडला, चटणीला लावला आणि बोलता बोलता हात लांब करून तो सुभानजींना दिला.

सुभानजींनी तो खाल्ला. मग दोघंही वाट बघत राहिले…

ठाण्यात रोज असंच चालायचं. मागे बंडवाल्यांनी आचारी फितवला होता, तेव्हापासून सरदारांचा पहिला घास पाटलांच्या तोंडी जायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटेनासं झालं होतं. पाटलांनाही नाही.

पाटलांना काही झालं नाही. मग हैबतरावांनी आपला घास घेतला.

“माझ्या हातची भाकरी आहे ती, हैबत.”

हैबतराव ओशाळले. “सवय, बाबा… तुमच्यावर संशय नाही.”

“माझं राहू दे. यांना जगवायला थांबलायस ना तू?”

हैबतरावांचा घास तोंडातच राहिला. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. भाकरी खाली ठेवून ते उठले. पुन्हा येरझाऱ्या.

“ठरलं,” ते एकदम म्हणाले. “निघायचं. पाटील, तुम्ही बायकापोरांसकट आमच्याबरोबर चला. घाटापलीकडे जमीन देतो.”

“आणि तुमच्या घोड्यांना वैरण घालणारी कुंभारवाडी, सरकार?” सुभानजींनी विचारलं. “ती सगळी माणसं?”

हैबतरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खाली रानात टिटवी ओरडली. टिटवी की माणूस, कळेना. हैबतरावांचा हात तलवारीवर गेला. डोंगर उतरायची वाट दोन्ही बाजूंनी कारवीनं गच्च झाली होती.

“पाटील, जरा पुढे व्हा,” ते घाईघाईनं म्हणाले. “रस्ता मोकळा आहे का बघा.”

सुभानजी उठले. धोतर झटकून पायऱ्यांकडे निघालेसुद्धा.

फकिरांनी हात आडवा धरला.

“तुम्ही बसा पाटील, भाकरी खा… रस्ता हैबत बघेल.”