सेनापती, जावईबापू आणि ठकूबाईची सायकल

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा सायकल नवी होती. एका डोंगराळ राज्याच्या राजाने विलायतेहून तीन सायकली मागवल्या. लोक लांबूनच बघायचे आणि एकमेकांना विचारायचे, "दोन चाकांवर बसून माणूस पडत कसा नाही?" पडत होता हो. त्या महिन्यात राजवाड्यातली हळद लेप लावण्यातच संपली, म्हणजे बघा.

राजा हौशी. त्याने दवंडी पिटवली, की घोड्यांच्या रिंगणात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जो सगळ्यांत जास्त फेऱ्या मारील, त्याने आपली सायकल घरी न्यावी. फेऱ्या मोजायला प्रत्येकाच्या नावाचं एक मडकं ठेवलं. एक फेरी झाली, की कारकुनाने त्यात एक चिंचोका टाकायचा.

शर्यतीत तिघं उतरले. पहिले सेनापती. राज्यात कधी लढाईच झाली नव्हती, त्यामुळे ते कधी हरले नव्हते. दुसरे दिवाणांचे जावई. सासुरवाडीला आठ दिवसांसाठी म्हणून आले होते, त्याला आता सहा वर्षं होत आली. सगळा गाव त्यांना जावईबापूच म्हणायचा. आणि तिसरी ठकूबाई सुईण.

ठकूबाईचं नाव ऐकून लोक फिदीफिदी हसले. हसू देत बापडे. पाच वाड्यांची बाळंतपणं तिच्या एकटीच्या अंगावर, आणि एकेक वाडी कोस-दोन कोस लांब. मागल्या वर्षी टेकवाडीला पोचायला तिला उशीर झाला आणि मूल हाती लागलं नाही. ते दुःख तिच्या मनातून जात नव्हतं.

"मला बक्षिसाची हौस नाही, महाराज," ती म्हणाली, "मला चाकं हवीत."

महिनाभर तिघांनी सराव केला. ठकूबाई दोनदा निवडुंगात पडली, काटे काढले, पुन्हा बसली.

आता तालमीचे वस्ताद मोठे चतुर. सराव बघता बघता त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पुढच्याला वारा छातीवर घ्यावा लागतो. मागचा त्याच्या आडोशाने आरामात जातो. वस्तादांनी हे गुपित एक भरजरी पागोटं घेऊन सेनापतींना सांगितलं. "दिवसभर जावईबापूंच्या पाठीमागे राहा. शेवटच्या फेरीला पुढे निघा. आणि कुणाला सांगू नका." मग तेच गुपित तुपाची घागर घेऊन जावईबापूंना सांगितलं. "कुणाला सांगू नका," हेही सांगितलं. ठकूबाईकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून तिला काहीच सांगितलं नाही.

सूर्य उगवला, नगारा वाजला. ठकूबाईने कासोटा घट्ट केला आणि ती सुटली. सेनापती आणि जावईबापूही निघाले, पण अर्ध्या फेरीतच दोघांचा वेग मंदावला. बाईच्या मागे राहणं दोघांनाही कमीपणाचं, म्हणून दोघं एकमेकांच्याच मागे राहू पाहत होते.

"व्हा ना पुढे, जावईबापू," सेनापती म्हणाले.

"छे छे, सेनापतीसाहेब. वडीलधाऱ्यांच्या पुढे जायचं? आमच्या घरची ती रीत नाही."

"अहो, जावयाचा मान पहिला."

"मान राहू दे, तुमचं वय आहे."

वय काढल्यावर सेनापतींच्या मिशा थरथरल्या, पण ते पुढे काही सरकले नाहीत. दोघं इतके हळू चालले, की रिंगणातली एक गाभण शेळी त्यांच्या पुढे निघून गेली. खाली उतरायचीही सोय नव्हती. जो आधी उतरेल तो हरला, असंच लोक म्हणणार. राज्यभर नाचक्की व्हायची. दोघं हँडल डावीउजवीकडे वळवत, डुगडुगत, घामाघूम होऊन तोल सांभाळत होते. लोक चणे खात खात मजा बघत होते.

दुपारपर्यंत ठकूबाईच्या मडक्यात साठ चिंचोके पडले. त्या दोघांच्या मडक्यांत नऊ-नऊ.

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत रिंगणाशी आला. "ठकूआत्या, टेकवाडीची रखमा अडलीय. मूल आडवं आहे म्हणतात."

ठकूबाईने ब्रेक दाबला. सूर्यास्ताला अजून चार तास होते. तेवढ्या वेळात त्या दोघांपैकी कुणी पायांत जोर आणला, तर तिला सहज मागे टाकलं असतं. तिला ते कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं आणि सायकल रिंगणाबाहेर काढली.

"अगं, शर्यत जाईल," कारकून म्हणाला.

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि टेकवाडीच्या वाटेला लागली.

उन्हं कलली तेव्हा ती परत आली. पातळ मळलेलं, हातपाय गळून गेलेले, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मुलगी झाली होती, आई-लेक दोघी सुखरूप होत्या. सायकल राजाच्या स्वाधीन करायला म्हणून ती आली होती.

बघते तर दोघं तिथेच.

"व्हा की पुढे," सेनापती कण्हत म्हणत होते.

"आधी तुम्ही," जावईबापू पुटपुटत होते.

मडक्यांत तेरा-तेरा चिंचोके. सूर्य मावळला, नगारा वाजला आणि दोघं एकाच वेळी धप्पकन पडले. पडण्यातसुद्धा ते बरोबरीत राहिले.

तरी सेनापती धूळ झाडत उठले आणि म्हणाले, "महाराज, ही बाई शर्यत सोडून गेली होती."

राजा हसून म्हणाला, "गेली होती खरी. ती बाळंतपण करून आली, आणि तुमच्या चार तासांत चार फेऱ्या झाल्या. आता न्याय मी काय करू?"

सायकल ठकूबाईला मिळाली. दोघांच्या तोंडून वस्तादांचं गुपितही बाहेर पडलं, तेव्हा पागोटं आणि तूप ज्याचं त्याला परत गेलं, आणि वस्तादांना हुकूम झाला, की रोज पहाटे ठकूबाईच्या दारी जाऊन चाकांत हवा भरायची. त्या वर्षी पाची वाड्यांत एकही पाळणा रिकामा राहिला नाही.

तात्पर्य: वारा दुसऱ्याने झेलावा म्हणून जो वाट पाहतो, तो आहे तिथेच राहतो.