आक्कासाठी वेगळी बरणी

"तत्त्वं पाच छापू की सात, आक्का?"

सोनाक्कानं मान वर केली नाही. पुढ्यात संकेश्वरी मिरचीचा ढीग होता आणि ती एकेका मिरचीचा देठ खुडत बसली होती. देठ डावीकडच्या सुपात, मिरची उजवीकडच्या बुट्टीत.

"कसली रं तत्त्वं?"

"धंद्याची. पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या धंद्याची. नव्या पाकिटाच्या पाठीमागं छापायची आहेत. आणि पुढं तुमचा फोटो."

"माझा?"

"तुमचाच. तुमच्या 'हो'साठी तर आलोय."

दौलत चौगुले उभाच होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दारात नवी गाडी आणि तोंडावर जत्रेतली शेवटची कुस्ती मारून आलेल्या पैलवानाचं तेज. हे तेज काही फुकटचं नव्हतं. त्याची कांदा-लसूण चटणी तीन जिल्ह्यांत नाव घेऊन मागितली जात होती. येत्या अक्षय्य तृतीयेला दुसरा कारखाना सुरू व्हायचा होता. आणि ही सगळी विद्या त्यानं याच अंगणात मिळवली होती, सोनाक्काच्या हाताखाली अकरा उन्हाळे मिरची कांडून.

आसपासच्या गावांत चटणी घालायची म्हटली की आधी सोनाक्काला बोलावणं जाई. पण तोंडानं कौतुक करणं काही तिला कधी जमलं नाही. कुणाची चटणी पसंत पडली, तर ती बरणीच्या तोंडावर स्वतःच्या हातानं फडक्याचा दादरा बांधायची. नाही पडली, तर न बोलता उठून चुलीकडं जायची.

अकरा उन्हाळ्यांत तिनं दौलतच्या एकाही बरणीला दादरा बांधला नव्हता.

लोक आता त्याला शेठ म्हणत. बँकेचा साहेब त्याला बघून खुर्चीतून उठे. पण हे कुसळ काही निघत नव्हतं. म्हणून तर फोटो हवा होता. आक्काचा चेहरा एकदा पाकिटावर आला, की मग कुणी काही म्हणायचं राहणार नव्हतं... आक्कानंसुद्धा.

"बस आदी," सोनाक्का म्हणाली. "पाकीट बगू."

त्यानं पाकीट पुढं केलं. तिनं ते उलटंपालटं केलं, उन्हात धरलं, नखानं वाजवून बघितलं.

"कागद चांगला हाय," ती म्हणाली.

दौलतला हसावं की काय करावं, कळेना. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. बसल्या बसल्या त्याचा हात आपोआप मिरचीच्या ढिगाकडं गेला. एक मिरची उचलली, देठाला अंगठा लावला... देठ निसटला. नखं नीट कापलेली होती.

सोनाक्कानं ते बघितलं.

"कारखान्यात देठ कोन खुडतं?"

"मशीन आणलंय, आक्का. खुडायची भानगडच नाही. पोतं ओतलं की खाली चटणी."

"देठासकट?"

"थोडाफार जातो. गिऱ्हाइकाला काय कळतंय? आजवर एक तक्रार नाही आली." हेही त्यानं अभिमानानंच सांगितलं.

सोनाक्का खुडत राहिली. दौलतला वाटलं, आता योग्य वेळ आली. तो उठला, गाडीकडं गेला आणि मागच्या सीटवरून एक चिनी मातीची बरणी दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला. देवापुढं ठेवावी तशी त्यानं ती तिच्यापुढं ठेवली.

"ही तुमच्यासाठी. आईनं आणि आमच्या मंडळींनी चार दिवस बसून देठ न्‌ देठ खुडलाय. खोबरं मंद आचेवर, लसूण हातानं सोललेला. घरच्या उखळात मी स्वतः कांडलीय, आक्का. बघा, हाताला घट्टे आलेत. तुमच्या पुढ्यात ते पाकीट कसं वाढायचं?"

सोनाक्कानं झाकण काढलं.

वास अंगणभर झाला. दारातलं मांजर शिंकून लांब गेलं. सोनाक्कानं चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, बोटानं पसरली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

मग ती उठली.

उठली म्हणजे चुलीकडं जाणार. चाळिशी ओलांडलेला तो शेठ, मान खाली घालून तिच्या पावलांकडं बघत बसला.

पावलं चुलीकडं गेली नाहीत. ती वळणीपाशी थांबली. वळणीवरचं धुतलेलं पांढरं फडकं सोनाक्कानं ओढलं, झटकलं, परत येऊन बसली आणि बरणीच्या तोंडावर घातलं. सुतळीचे तीन वेढे दिले. निरगाठ मारली. वर आणखी एक मारली.

दौलतचा ऊर भरून आला. कारखान्याचं उद्घाटन करायला मंत्री येतो म्हणाले होते तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद त्याला त्या दोन गाठींचा झाला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं लपवलं नाही. मिरचीच्या अंगणात रडायला कारण लागत नाही.

"आक्का... बांधलात."

"चांगली झालीया. मग बांधायला नगो?"

हे शब्द ऐकायला तो या अंगणातल्या पहिल्या उन्हाळ्यापासून तेवीस वर्षं थांबला होता.

"मग फोटो... छापू ना?"

सोनाक्कानं पाकीट उचललं आणि बरणीला लागून ठेवलं. बरणीकडं बोट केलं.

"ही कुनाची रं?"

"माझी," दौलत म्हणाला. आवाज अजून ओला होता.

तिनं पाकिटाकडं बोट केलं.

"आन हे?"

"माझंच..."

सोनाक्का नुसती त्याच्याकडं बघत राहिली. दौलतनं बरणी बघितली, पाकीट बघितलं. पाकिटावर मोठ्या सोनेरी अक्षरांत त्याचं आडनाव होतं. बरणीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. बघता बघता त्याचे कान तापले. पाकिटाबद्दल आपण मघाशी काय बोललो ते त्याला आता पहिल्यांदा ऐकू आलं. लाज वाटली, फार लाज वाटली. आणि तरी बरणीवरच्या त्या गाठींवरून त्याची नजर हलेना.

"आक्का," तो म्हणाला, "मग पाठीमागं छापू तरी काय?"

सोनाक्कानं दादरा बांधलेली बरणी उचलून त्याच्या हातात परत दिली. मग ढिगातली एक मिरची घेतली, देठ खुडला, सुपात टाकला.

"ही घरला घेऊन जा. फुडच्या उन्हाळ्यात माझ्यासाटी पाकीटच आन."